दारापासून भिंतीपर्यंतची पट्टी

मी चौतीस वर्षे तहसील कचेरीत नक्कलनवीस होतो. नक्कलनवीस म्हणजे मूळ कागदात जे आहे तेवढेच उतरवणारा माणूस. मूळ कागदावर डाग असेल तर "येथे डाग आहे" असे तो लिहितो. डागाखाली काय असावे याचा अंदाज तो करत नाही. ही सवय मला आयुष्यभर राहिली. भूतखेत, करणी, बाहेरची बाधा... या गोष्टींना मी कधी थारा दिला नाही. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला दरवर्षी जात आलो, पण नवस कधी बोललो नाही. आजही माझे मत बदलले आहे असे म्हणणार नाही.

तरी पुढील मजकूर लिहीत आहे. हे कोणाला सांगू नका, असे माझ्या पत्नीने मला बजावले होते आणि मी ते पाळले. ती तीन वर्षांपूर्वी गेली. आता बंधन उरले नाही.

राज्यांची पुनर्रचना झाली त्या सालची ही गोष्ट. नागपूर आमच्या राज्यातून निघून मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौसर मध्यप्रदेशातच राहिले. घरात मराठी बोलणारे आम्ही, आमची कचेरी हिंदीत लिहू लागली. माझ्या बरोबरीचे कित्येक कारकून नागपूरकडची नेमणूक मागून निघून गेले. मी पांढुर्ण्याचा. वडील तिथे शाळामास्तर. मला सौसरच्या तहसिलीत जागा मिळाली आणि त्याच सुमारास लग्न झाले. मुलगी मोहगावची, शेतकऱ्याच्या घरची. नाव सिंधू. वय सतरा-अठरा. उंचीने लहान, उभी राहिली की माझ्या खांद्याला लागे.

सौसरात आम्हांला मिळालेले घर नागपूरला गेलेल्या अशाच एका कारकुनाचे रिकामे झाले होते. घरमालक रामाकोन्याला शेती करत, भाड्यापुरते येत. घर कवेलूंचे, म्हणजे कौलारू. समोर ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, मागे आंगण. माजघराला एकच दार, ओसरीकडचे, आणि डाव्या हाताला स्वयंपाकघरात जायची एक अरुंद वाट. समोरची भिंत बंद. तिला खिडकी नव्हती, कोनाडा नव्हता. त्या भिंतीपाशी जमीन गार असे. दुपारी दोनच्या सुमारास मी कचेरीतून जेवायला येई आणि जेवून तिथे अर्धा तास पडे. मी गेल्यावर सिंधूही तिथेच पाठ टेकवी. एकच सतरंजी होती. दोघे आळीपाळीने वापरत असू.

ज्यांनी शेणाने सारवलेली जमीन पाहिली नाही त्यांच्यासाठी चार ओळी लिहिणे भाग आहे. शेणाचा काला करून तळहाताने जमिनीवर अर्धगोल फिरवतात. प्रत्येक फेऱ्यात बोटांच्या चार रेषा उमटतात. वाळल्यावर त्या तशाच राहतात, आणि बाईगणिक वेगळ्या असतात, अक्षरासारख्या. सारवणारी बाई आतल्या भिंतीपासून सुरुवात करते आणि मागे सरकत दाराशी येते, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. मनगटात काचेच्या बांगड्या असतातच. त्या ओल्या शेणाला घासतात आणि प्रत्येक फेऱ्याच्या कडेला एक बारीक रेघ सोडतात. सवाष्णीच्या सारवणात ही रेघ असतेच असते.

आणि एक. खोली सारवायची ती सबंध. माणसाच्या लांबीची नुसती एक पट्टी आमच्याकडे एकाच प्रसंगी सारवतात. घरातून मयत उचलून नेले की ते जिथे ठेवले होते तेवढी जागा.

सिंधूच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी बैलबंडीच्या दांडीखाली सापडून वाकडी झाली होती. ती जमिनीला टेकत नसे. त्यामुळे तिच्या सारवणात चारऐवजी तीनच रेषा उमटत. मला सारवणात रस नव्हता. पण कचेरीत दिवसभर हस्ताक्षरे पडताळणाऱ्या माणसाला हे दिसतेच. सारवताना मी मध्ये बसलेला असलो तर ती काही बोलत नसे. बोटांच्या पाठीने माझ्या घोट्यावर दोनदा टकटक करी. मी वाचता वाचता पाय उचली. ती पायाखालून हात फिरवून पुढे जाई. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच ही सवय दोघांनाही लागली.

घरात येऊन पंधरा दिवस झाले तेव्हा माझ्या लक्षात आले की माजघर रोज ओले असते. आठवड्यातून एकदा सारवायची जागा ही बाई रोज सारवते. पाठीला ओल लागून मला खोकला झाला. मी विचारले, तर म्हणाली,

"माती भुसभुशीत हाय इथची. धूळ उडते."

त्याच सुमारास तिच्या बांगड्या रोज फुटू लागल्या. शेजारी कौतिकाबाई राहत. वय पन्नाशीचे, तोंड सदा चालू, कुंपणावरून बोलायच्या. त्यांनीच कासाराला दोनदा आमच्या ओसरीवर आणून बसवले होते.

"भाऊ, बायको आनली का बैल?" त्या मला म्हणाल्या. "दुपार नाही झाली का हे पोरगी खाली बसून जमीन घासून राहते. हात घासते का बांगड्या घासते, समजत नाही. आमच्या सासूनं आमच्याकडून एवढं काम करून नाही घेतलं, अन् ते तं वाघीण होती."

"मी सांगत नाही," मी म्हणालो. "तीच करते."

"मंग सांगा ना, नको करू म्हनून! तोंडात गूळ हाय का?"

मी सांगितले. उपयोग झाला नाही. उलट एके दुपारी मी सतरंजी अंथरू लागलो तेव्हा तिने ती माझ्या हातून ओढून घेतली आणि ओसरीवर नेऊन टाकली.

"आजपासून तुमी बाहीर लेटत जा."

"का?"

"आत ओल हाय."

"ओल तू करतेस म्हणून आहे."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी ओसरीवर पडलो, पण झोप आली नाही. नवी बायको नवऱ्याला माजघरातून बाहेर काढते, हे मला रुचले नाही. त्या काळी मी फार ताठ होतो. आता कमी आहे असे घरचे म्हणत नाहीत.

पुढच्या आठवड्यात एक दिवस साहेब दौऱ्यावर असल्याने मी बारालाच घरी आलो. ओसरीवर चपला काढल्या आणि माजघराच्या दारात उभा राहिलो. सिंधू गुडघ्यांवर बसली होती. शेजारी शेणाची पाटी. आणि तिच्यासमोर जमिनीवर एक पट्टी... ओली, ताजी. बाकीची खोली कोरडी होती. पट्टी दाराच्या बाजूने सुरू होऊन समोरच्या भिंतीपाशी संपत होती. माणूस निजावा एवढी.

माझ्या अंगावर काटा आला. तो रागाचा की भीतीचा, हे मी तेव्हा तपासले नाही.

"हे काय करून राहिली तू?"

ती दचकली. हात शेणाने भरलेला होता. तिने पट्टीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"मी नाही केलं."

"हात कोणाचा भरला आहे?"

"मी मिटवून राहिली होती. मी यायच्या आधीच..."

मी खाली बसलो. पट्टीवरचे फेरे पाहिले. तीन रेषा. करंगळीची जागा कोरी. मी तिचा उजवा हात मनगटाला धरून त्या फेऱ्यावर ठेवला. तंतोतंत बसला असे म्हणणार नाही. फेरा किंचित मोठा होता. पण तीन रेषा तीनच होत्या, आणि त्या घरात दुसरे कोणी नव्हते. नक्कल पडताळताना मी जसा निर्णय देत असे तसा दिला.

"हात तुझाच आहे."

तिने बराच वेळ पट्टीकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "हो. हात माझाच हाय."

मला ती कबुली वाटली. मला वाटले, हिला माहेरी जायचे आहे, म्हणून हे सोंग. जिवंत नवऱ्याच्या झोपायच्या जागेवर मयताची पट्टी ओढणारी बायको! मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटचे वाक्य तेवढे लिहितो. "तुझे मन मोहगावातच असेल तर जा तिकडे." दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बाजाराला आला होता. त्याच्या बंडीत बसून ती गेली. जाताना तिने एकच गोष्ट सांगितली.

"आत नका लेटू. माझ्या गळ्याची आन हाय तुमाले."

मी आत वळलो.

तिसऱ्या दिवशी घडले ते असे. सकाळी दहाला मी मागचे दार आतून अडसर लावून बंद केले, पुढच्या दाराला कुलूप घातले. किल्ली एकच, माझ्या करदोट्याला बांधलेली. दुपारी दोनला आलो. कुलूप जसेच्या तसे. आत गेलो. माजघरात पट्टी होती, ओली. शेणाचा ताजा वास सुटला होता. आमच्याकडे गाय नव्हती. पाटी कोरडी, पालथी, आंगणात होती. मागचा अडसर जागच्या जागी होता.

मी कंदील आणला. भर दुपार होती, पण मला नीट पाहायचे होते. वाचकांनी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. जे पाहिले ते क्रमाने देतो.

फेऱ्यांत तीन रेषा होत्या. लांबी फूटपट्टीने मोजली. पाच फुटांना थोडी कमी. माझी उंची पाच फूट आठ इंच. हा फरक मी पाहिला, त्याचा अर्थ लावला नाही. दुसरे, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर किंचित चढलेला असतो, त्यावरून सारवणारी कोणत्या दिशेने सरकली ते कळते. ही दारापासून आत सरकली होती. भिंतीकडे. कोणतीही बाई असे सारवत नाही, कारण असे सारवले तर शेवटी ती भिंतीशी अडकते आणि ओल्यावर पाय दिल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. पट्टीवर किंवा तिच्या बाजूच्या कोरड्या जमिनीवर पावलाची एकही ओली खूण नव्हती. सारवणारी आत गेली होती. बाहेर आली नव्हती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत शेवटी दिसली. कुठल्याही फेऱ्याच्या कडेला बांगड्यांची रेघ नव्हती.

मी तिथेच बसून राहिलो. आता मला ते रोजचे सारवण समजले. त्या फुटणाऱ्या बांगड्या समजल्या. तीन बोटांचा तो हात तिचा होता, पण त्या हातात बांगड्या नव्हत्या. बांगड्या नसलेला बाईचा हात कोणाचा असतो, हे सांगायला नको. सिंधू रोज ती पट्टी पाहत होती. आपलाच हात, विधवा झालेला, आपल्या नवऱ्याच्या झोपायच्या जागेवर फिरून गेलेला. ती तो मिटवत होती. सबंध खोली सारवून पट्टीची कड बुजवत होती, आणि मनगट मुद्दाम जमिनीवर घासून जिथेतिथे बांगड्यांच्या रेघा ओढत होती. आणि मी तिला सोंगाडी म्हणालो होतो.

तरीही मी मानले नाही. मी ठरवले की प्रत्यक्ष पाहायचे.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज पाठवला. दोन्ही दारे आतून लावली. माजघरात समोरच्या भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसलो. तोंड दाराकडे. कालची पट्टी वाळली होती, माझ्या पायांपासून पुढे दाराच्या दिशेने गेली होती. वर कवेलूंच्या फटीतून ऊन येत होते, जमिनीवर त्याचे चार-पाच कवडसे पडले होते. बाहेर कौतिकाबाई कोणाला तरी हाका मारत होत्या. मला भीती वाटत नव्हती असे मी स्वतःला सांगत होतो.

बाराच्या सुमारास वास आला. शेणाचा, ओला.

मग आवाज. सर्र... थांबणे... सर्र... थांबणे. हा आवाज मी जन्मापासून ऐकत आलो होतो. पण त्यात नेहमी बांगड्यांची किणकिण मिसळलेली असते. इथे नव्हती. नुसता हात. त्यामुळे तो आवाज असा वाटत होता की जणू कोणी बोलते आहे आणि त्याला जीभ नाही.

दाराच्या बाजूची जमीन काळी पडली. एक फेरा. मग त्याच्या अलीकडे दुसरा. हात दिसत नव्हता. कवडशातून जाताना काही अडले नाही, सावली पडली नाही. फक्त कोरड्यावर ओला अर्धगोल उमटत होता, तीन रेषांचा, आणि दर फेऱ्याला वीतभर पुढे येत होता... माझ्याकडे. उठावे असे मनात आले. उठता आले नाही. पाय माझे होते, पण ते माझे ऐकत नव्हते.

जवळ आल्यावर श्वास ऐकू आला. धाप लागलेला, म्हाताऱ्या माणसाचा श्वास. प्रत्येक फेऱ्यानंतर तो थांबून पुन्हा सुरू होई. ओल माझ्या तळपायांपाशी आली आणि थांबली.

मग माझ्या उजव्या घोट्यावर बोटांच्या पाठीने दोनदा टकटक झाली.

आणि मी पाय उचलला.

हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. सवयीने उचलला. जो पाय घाबरून हलत नव्हता तो त्या टकटकीला हलला. पायाखालून गार फेरा गेला, तळव्याला शेण लागले, आणि पट्टी माझ्या शेजारून भिंतीला जाऊन भिडली. आवाज थांबला. श्वास थांबला नाही. तो आता माझ्या उजव्या कानाजवळ होता. जे कोणी होते ते माझ्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, पुढे ओले आणि मागे भिंत असे, माझ्यासारखेच अडकून बसले होते.

मी त्या ओल्यावरून धावत बाहेर पडलो. चपला घातल्या नाहीत. कुलूप लावले की नाही ते आठवत नाही. मोहगावची वाट धरली आणि चालत गेलो.

सासऱ्यांच्या शेतावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. सिंधू ओटीत कापूस घेऊन बांधावर उभी होती. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिले नाही. पायाकडे पाहिले. डाव्या पायाचे शेण वाटेत झडून वर धूळ बसली होती. उजव्याला शेणाचा लेप, वाळलेला.

ओटीतला कापूस खाली पडला.

"लेटले होते काय तिथं?"

"नाही. बसलो होतो."

"कोठपर्यंत आलं?"

"भिंतीपर्यंत."

ती बांधावर बसली. मीही बसलो. सासरे लांबून पाहत होते, जवळ आले नाहीत.

"कधीपासून?" मी विचारले.

"आपन आलो त्याच्या तिसऱ्या दिसापासून पाहून राहिली मी."

"मला का सांगितले नाही?"

"काय सांगू? माझाच हात तुमची जागा सारवून राहिला म्हनून सांगू? तुमी मानलं असतं? अन् मानलं असतं तं तुमच्या मायनं मले घरात ठेवलं असतं?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिला ठाऊक होती. मी म्हणालो, "आजपासून त्या घरात राहायचे नाही."

"घर सोडून काय होते जी?" तिने आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "हात तं मी संगं घेऊन फिरून राहिली."

असे म्हणून तिने पदराचे टोक फाडले आणि तो हात मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळला. मी थांबवले नाही. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे कबूल करतो.

सामान सासऱ्यांनी आणि मेहुण्याने दिवसाउजेडी हलवले. त्यांना आत काही दिसले नाही. पट्टी होती, तिच्यावर माझी पळत बाहेर आलेली पावले होती, एवढेच. कौतिकाबाईंना आम्ही ओल असल्याचे सांगितले.

"मी म्हनलंच होतं," त्या म्हणाल्या. "सारवू सारवू घर भिजवलं बाई तुनं! आता नव्या घरी तरी हाताले आराम दे."

पुढे मी चौकशी केली. आमच्या आधीचा कारकून नागपुरात बायकोसह सुखरूप होता. त्यांना त्या घरात काही त्रास झाला नव्हता. आमच्यानंतर एक मास्तर सहा वर्षे राहिले, त्यांनाही नाही. त्या घरात कोणी अपघाताने वा अवेळी मेल्याचे आढळले नाही. घरातून उचलून नेलेली माणसे होती, पण ती कोणत्या घरात नसतात?

सिंधूने त्या दिवसानंतर उजव्या हाताने जमीन सारवली नाही. डाव्या हाताने सारवायला शिकली. पहिले वर्षभर तिचे सारवण लहान मुलाच्या गिरगोट्यांसारखे होते. सासूची बोलणी खाल्ली, कारण सांगितले नाही. पुढे डावा हात उजव्याइतका बसला. दोन मुले झाली, बदल्या झाल्या, प्रत्येक नव्या घरात पहिल्या दिवशी ती आतली भिंत पाहून घेई आणि माझे अंथरूण तिथून दूर टाकी. मला साधा ताप आला तरी ती रात्रभर बसे. दवाखान्यात तिच्या ऑपरेशनच्या वेळी नर्सने बांगड्या काढायला सांगितल्या तेव्हा तिने ऑपरेशन नको म्हणून सांगितले. शेवटी चिकटपट्टी गुंडाळून काम भागवले. पन्नासाहून अधिक वर्षे ती माझ्या मरणाची वाट अडवून बसली होती. मी तिला एकदाही म्हणालो नाही की आता पुरे.

मी रिटायर झाल्यावर आम्ही पांढुर्ण्याला घर बांधले. टाईलची जमीन. सारवायचा प्रश्नच मिटला, म्हणून तिला त्या टाईलचे फार कौतुक. तीन वर्षांपूर्वी, दुपारी जेवून, ती माजघरात भिंतीपाशी चटईवर पडली. चारला सून चहा घेऊन गेली तेव्हा ती गेलेली होती. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. सगळ्या.

तिला नेले. स्मशानातून परत आलो. सून, मीना, फिनाईलच्या पाण्याने ती जागा पुसायला निघाली होती. मी म्हणालो, "थांब. शेण आण."

"बाबा, टाईलवर शेन कसं बसन?"

"बसेल तितके बसेल. आण."

शेजारच्या गोठ्यातून तिने घमेलेभर आणले. हे बायकांचे काम आहे, ती म्हणाली. मी तिला बाजूला व्हायला सांगितले. का, ते मला सांगता येत नाही. त्या हाताने आयुष्यभर जे भोगले त्याच्या बदल्यात एवढे तरी आपल्या हाताने करावे, असे काहीसे असावे. मी जन्मात कधी जमीन सारवली नव्हती. दाराकडून सुरुवात केली, गुडघ्यांवर, एकेक फेरा. धाप लागत होती. थांबत होतो, पुन्हा हात फिरवत होतो. मुलगा वसंता दारात उभा होता.

भिंतीजवळ पोहोचलो तेव्हा वाटेत काही आड आले. म्हणजे काही नव्हते. रिकामी टाईल होती. पण मी बोटांच्या पाठीने दोनदा टकटक केली. बोटांना घोटा लागला. ऊबदार, तरुण माणसाचा. तो उचलला गेला. मी त्याखालून हात फिरवला आणि भिंतीला टेकलो.

"बाबा," वसंता म्हणाला, "आता बाहीर कसे येता?"

मी मागे वळून पाहिले. पट्टी दाराच्या बाजूपासून भिंतीपर्यंत आली होती. तिच्याएवढी, पाच फुटांना थोडी कमी. फेऱ्यांच्या कडेला बांगड्यांची रेघ नव्हती. पुरुषाच्या हातात बांगड्या नसतात. आणि प्रत्येक फेऱ्यात तीन रेषा होत्या. चौतीस वर्षे कागदावर घासलेली माझी उजवी करंगळी म्हातारपणी तळहाताकडे वळून घट्ट झाली आहे. ती आता जमिनीला टेकत नाही.

याचा उलगडा माझ्याजवळ नाही. जे घडायला पन्नासाहून अधिक वर्षे होती ते त्या घरात आधी कसे उमटले, आमच्याच वाट्याला का आले, हे मी सांगू शकत नाही. येथे डाग आहे, एवढेच लिहितो. पण एक चूक माझ्या नावावर आहे आणि ती दुरुस्त करायला फार उशीर झाला. सारवणारी बाईच असणार, हे मी गृहीत धरले. तिनेही धरले. मी पडताळणी करून निर्णय दिला आणि तिने तो जन्मभर पाळला.

हात तुझा नव्हता, एवढेच तिला सांगायचे होते.